विजेची पेटी की बिनविजेची?

घरच्या म्युझिक सिस्टीमसाठी प्रीॲम्प घ्यायचाय? ॲक्टिव्ह घ्यावा की पॅसिव्ह, हे दुकानदाराला विचारण्याआधी स्वतःच्या घराला चार प्रश्न विचारा. निम्मे पैसे तरी वाचतील.

रविवारची सकाळ. पोहे झाले होते, चहाचा दुसरा कप हातात होता. अण्णांनी कपाटातून किशोरी आमोणकरांची भूपाची रेकॉर्ड काढली. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या पुढे, पण तबकडी अजून स्वतःच लावणार. आधी सदऱ्याला हात पुसायचे, मग ती दोन्ही तळव्यांनी कडेला धरायची. दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नाही.

सुई टेकली. आम्ही सगळे कान देऊन बसलो. आणि स्पीकरमधून आवाज आला तो डासाच्या गुणगुणण्यासारखा. तंबोऱ्याचा पत्ता नाही, डग्ग्याचा घुमारा नाही. लांब कुठेतरी बंद दाराआड कुणीतरी गातंय, एवढंच कळत होतं. मी आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं, तरी तेच.

अण्णा थोडा वेळ ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, ''माझे कान गेले वाटतं.''

कान गेले नव्हते. गोंधळ मी घातला होता. आदल्याच दिवशी मी घरात एक नवी पेटी आणून बसवली होती. तिचं नाव पॅसिव्ह प्रीॲम्प.

दोन सल्ले आणि एक घाई

झालं होतं असं. आमच्याकडे १९८० च्या दशकातला एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर होता. रेकॉर्ड, रेडिओ, कॅसेट, सगळं त्यालाच जोडायचं. मागच्या वर्षी त्याचा एक बाजूचा आवाज गेला, मग दुसऱ्या बाजूनेही धूर काढला. भंगारवाला दारात उभा होता, पण अण्णांनी तो देऊ दिला नाही. ''माळ्यावर ठेव,'' म्हणाले.

त्याच सुमारास मला एक चांगला पॉवर ॲम्प्लिफायर जुन्यात मिळाला. पॉवर ॲम्प्लिफायरचं काम एकच, स्पीकर हलवायचा. त्याला ना आवाजाचं बटण, ना सीडी की रेडिओ हे निवडायचा स्विच. ती कामं करणारी पेटी वेगळी घ्यावी लागते. तोच प्रीॲम्प.

पहिल्या दुकानात मला एक ॲक्टिव्ह प्रीॲम्प दाखवला. आत ट्रान्सफॉर्मर, सर्किट, पुढे निळा दिवा, वजन चांगलं पाच किलो. किंमत पॉवर ॲम्प्लिफायरपेक्षा जास्त. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, ''अरे, वेडा आहेस का? आवाजाच्या वाटेत जितकी सर्किटं कमी तितका आवाज शुद्ध. पॅसिव्ह घे. त्यात फक्त एक बटण असतं, वीजसुद्धा लागत नाही.''

स्वस्त आणि शुद्ध! मध्यमवर्गीय माणसाला आणखी काय हवं? मी पॅसिव्ह आणला. शनिवारी रात्री सीडी लावली आणि खरोखर खूश झालो. स्वच्छ, मोकळा आवाज. रविवारी सकाळी अण्णांनी रेकॉर्ड लावली, आणि पुढचं तुम्ही वाचलंच.

टाकी, नळ आणि पंप

सोमवारी मी लॅमिंग्टन रोडला गेलो. एका गल्लीत पहिल्या मजल्यावर दुरुस्तीचं काम करणारे एक काका बसतात. रेडिओच्या जमान्यापासून हातात सोल्डरिंगची इस्त्री. सगळी हकिगत ऐकून ते हसले.

''तुमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे ना?''

''आहे.''

''मग स्वयंपाकघरात पाणी यायला काय लागतं?''

''नळ.''

''बरोबर. नुसता नळ. पाण्याला जोर आधीच आहे, तुम्ही तो फक्त कमी-जास्त करता. पण पाणी तळमजल्याच्या हौदात असेल तर?''

''पंप लागेल.''

''साहेब, तुमची सीडी म्हणजे गच्चीवरची टाकी आणि अण्णांची रेकॉर्ड म्हणजे तळातला हौद. तुम्ही नवा नळ बसवलात आणि पंप माळ्यावर टाकलात!''

पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह यांतला फरक इतक्या सोप्या शब्दांत मी दुसरीकडे कुठे ऐकला नव्हता. पॅसिव्ह प्रीॲम्प म्हणजे नळ. आत एक पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवायचं व्हॉल्यूमचं बटण, आणि सीडी, टीव्ही, रेडिओ यांतलं एक निवडणारा स्विच. आलेला आवाज तो फक्त कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. ॲक्टिव्ह प्रीॲम्पमध्ये नळ असतोच, शिवाय विजेवर चालणारा पंपही असतो. तो आवाजाचा विद्युत संदेश वाढवतो आणि पुढच्या तारेत जोराने ढकलतो.

प्रश्न इतकाच, की तुमच्या घरात पाणी कुठे आहे?

दोन व्होल्टचं गणित

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली आणि प्रीॲम्पचं सारं गणित बदललं. त्याआधीच्या कॅसेट डेक, रेडिओ ट्यूनर या यंत्रांतून साधारण पाव ते अर्धा व्होल्ट एवढाच संदेश बाहेर पडायचा. सीडी प्लेअरच्या पूर्ण आवाजासाठी दोन व्होल्ट हा आकडा रूढ झाला. आज मोबाइल किंवा कॉम्प्युटरमधलं गाणं चांगल्या तऱ्हेने ऐकण्यासाठी जी डॅक नावाची छोटी पेटी मिळते, तिच्यातूनही बहुधा तेवढेच दोन व्होल्ट निघतात.

आता पॉवर ॲम्प्लिफायरला किती लागतात ते पाहू. समजा तो १०० वॅटचा आहे आणि स्पीकर ८ ओहमचा. पूर्ण १०० वॅट द्यायचे तर स्पीकरला सुमारे २८ व्होल्ट पोचवावे लागतात. असा ॲम्प्लिफायर आलेला संदेश साधारण २० ते २८ पट वाढवतो. म्हणजे त्याच्या तोंडाशी एक ते दीड व्होल्ट दिले की तो पूर्ण ताकदीने ओरडू लागतो. सीडी तर दोन व्होल्ट देते. म्हणजे वाढवायचं काही उरतच नाही!

आणि १०० वॅटवर घरात ऐकतो कोण? शेजारी पोलिसांना बोलावतील. बैठकीच्या खोलीत रोजचं ऐकणं सरासरी एका वॅटच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं. एका वॅटला स्पीकरवर लागतात २.८ व्होल्ट. २८ पट वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी त्यासाठी पुरतो एक दशांश व्होल्ट. म्हणजे सीडीचे दोन व्होल्ट आपल्याला उलट वीस पटीने कमी करावे लागतात.

गंमत बघा. ज्या पेटीच्या नावात 'ॲम्प्लिफायर' आहे, तिचं सीडी ऐकतानाचं मुख्य काम आवाज कमी करण्याचं आहे. मग नुसता नळ का नको? मित्राचं म्हणणं इथपर्यंत अगदी बरोबर होतं. चांगल्या नळाला स्वतःचा घुंई असा आवाज नसतो, विजेची खरखर त्यातून येत नाही, दहा वर्षांनी कपॅसिटर सुकण्याची भीती नाही आणि चालू करताना 'धप्प' होत नाही.

पाइप लांब, तर जोर कमी

पण नळालाही अटी असतात. टाकी भरलेली असली तरी बारीक पाइप पन्नास फूट नेलात तर पाण्याची धार बारीक होते. आवाजाचंही काहीसं तसंच, फक्त इथे सगळा आवाज कमी होत नाही. आधी कमी होतात ते वरचे, तीक्ष्ण स्वर.

त्याचं कारण समजून घ्यायला हवं, कारण दुकानात ते कुणी सांगत नाही. व्हॉल्यूमच्या बटणातून जाताना संदेशाच्या वाटेत विजेचा अडथळा येतो. त्याला इम्पीडन्स म्हणतात, तो मोजायचा ओहममध्ये. बटण जिथे आवाज बरोबर निम्म्यावर आणतं तिथे हा अडथळा सर्वांत जास्त असतो. त्या जागी तो बटणावर लिहिलेल्या आकड्याच्या पाव हिस्सा भरतो. बटण १० हजार ओहमचं असेल तर अडीच हजार, एक लाख ओहमचं असेल तर पंचवीस हजार.

दुसरीकडे तुमची तार. प्रीॲम्पपासून पॉवर ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी आवरणाची तार स्वतःच एक छोटा कपॅसिटर असते. साध्या तारेत दर मीटरला १०० पिकोफॅरड धरायला हरकत नाही. वाटेतला अडथळा आणि तारेतला हा साठा एकत्र आले की वरचे स्वर तिथेच जिरतात.

हिशेब करून पाहू. पॉवर ॲम्प्लिफायर स्पीकरजवळ ठेवलाय, सोफ्यामागून पाच मीटर तार नेलीय. तारेचे ५०० आणि ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी आणखी २०० धरले तर एकूण ७०० पिकोफॅरड. पेटीत एक लाख ओहमचं बटण असेल आणि ते त्या वाईटात वाईट जागी असेल, तर सुमारे ९ हजार हर्ट्‌झपासूनच आवाज उतरू लागतो. टाळ-मंजिऱ्यांची किणकिण, बासरीतली फुंकर, सतारीच्या तरफांची चमक, सगळ्यावर पातळ फडकं टाकल्यासारखं वाटेल. तेच बटण १० हजार ओहमचं असेल तर ही उतरण सुरू होईल ९० हजार हर्ट्‌झच्या पुढे. माणसाला तरुणपणीसुद्धा २० हजारांपर्यंतच ऐकू येतं. म्हणजे काळजीच नको.

आवाज हळू ठेवला की बटणाचा अडथळाही कमी होतो, त्यामुळे हा दोष रात्रीच्या ऐकण्यात फारसा जाणवत नाही. पाहुणे आले, आवाज वाढवला, की डोकं वर काढतो. म्हणूनच 'पॅसिव्हचा आवाज मेलेला असतो' असं म्हणणारे लोक भेटतात आणि 'पॅसिव्हसारखा आवाज नाही' असं म्हणणारेही. दोघंही बहुधा खरं बोलत असतात. त्यांची बटणं वेगळी, तारा वेगळ्या.

मग सगळ्यांनीच १० हजारांचं बटण का घेऊ नये? कारण मागच्या यंत्राला ते झेपलं पाहिजे. आजच्या सीडी प्लेअरला आणि डॅकला सहज झेपतं. पण व्हॉल्व्हवर चालणारी जुनी यंत्रं किंवा काही जुने कॅसेट डेक इतक्या ओझ्याखाली दमतात, आवाज बसतो आणि खालचे स्वर, म्हणजे डग्गा आणि बेस गिटार, पातळ होतात. अशा यंत्राला ५० हजार किंवा एक लाखाचं बटण लागतं. मग तार आखूड हवी. नाहीतर पंप हवा.

बाजारातला ढोबळ नियम लक्षात ठेवा. पुढच्या यंत्राच्या तोंडाचा इम्पीडन्स मागच्या यंत्राच्या दहापट तरी असावा. यंत्राच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर हे दोन्ही आकडे असतात. आपण ते पान कधी उघडत नाही, एवढंच.

रेकॉर्डची गोष्ट निराळी

आता अण्णांच्या भूपाकडे वळू. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईमागे असलेलं मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं कार्ट्रिज अवघे चार-पाच मिलिव्होल्ट देतं. सीडीच्या दोन व्होल्टच्या तुलनेत हे सुमारे चारशे पटीने कमी. मूव्हिंग कॉइल नावाचं महागडं कार्ट्रिज तर बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली असतं.

बरं, नुसतं कमी असतं तर एक वेळ चाललं असतं. एलपी रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबतात आणि वरचे मुद्दाम फुगवतात. खालचे स्वर पूर्ण ताकदीने कोरले तर खोबणी इतकी रुंद होईल की तबकडीवर जेमतेम काही मिनिटंच मावतील. वरचे स्वर फुगवून कोरले की सुईच्या खरखरीवर ते मात करतात. वाजवताना बरोबर याच्या उलट करायचं असतं. किती दाबायचं, किती फुगवायचं याची मोजपट्टी अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने १९५४ साली ठरवली. तिच्या आद्याक्षरांवरून तिला आरआयएए म्हणतात, आणि पुढे ती जगभर चालू लागली. वाजवताना या मोजपट्टीप्रमाणे अगदी खालचे स्वर जवळजवळ दहापट वर काढावे लागतात आणि अगदी वरचे तितकेच खाली आणावे लागतात.

हे काम करणाऱ्या सर्किटला फोनो स्टेज म्हणतात. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये ते आतच बसवलेलं असायचं. मागे 'फोनो' लिहिलेली जागा असायची, तिथे पिना खुपसल्या की झालं. आत काय चाललंय ते आपल्याला कधी कळलंच नाही. माझ्या नळाच्या पेटीत ते नव्हतं. म्हणून भूप आला तो दाबलेला, डग्ग्याविना, नुसता वरचा चिरका आवाज घेऊन.

लक्षात ठेवा, रेकॉर्ड ऐकायची असेल तर कुठेतरी विजेवर चालणारं सर्किट लागणारच. ते ॲक्टिव्ह प्रीॲम्पच्या आत असो किंवा वेगळ्या छोट्या पेटीत.

सर्किटची इतकी भीती कशाला?

'जितकी सर्किटं कमी तितका आवाज शुद्ध' हे वाक्य ऐकायला छान वाटतं. पण विचार करा. स्टुडिओत गायकाच्या माइकपासून तबकडीपर्यंत येताना तो आवाज कितीतरी ॲक्टिव्ह सर्किटांतून गेलेला असतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ५५३२ आणि ५५३४ या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या ऑपॲम्प चिप आल्या. पुढच्या काळात असंख्य स्टुडिओंच्या मिक्सिंग टेबलांत त्याच बसल्या. आपण ज्याला शुद्ध म्हणतो तो आवाज अशा अनेक चिपमधून येऊन शुद्ध राहिलेला असतो. मग घरातल्या एका नीट बांधलेल्या सर्किटने तो विटाळतो, असं म्हणण्यात अर्थ नाही.

ॲक्टिव्ह प्रीॲम्पची आणखी एक बाजू घरच्या माणसांनी ध्यानात घ्यावी. आपण फ्लॅटमध्ये राहतो. मुलांचा अभ्यास असतो, शेजारी आजारी असतं, म्हणून आवाज हळू ठेवतो. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं, की आवाज हळू झाला की माणसाच्या कानाला खालचे स्वर जास्तच कमी ऐकू येतात. म्हणून रात्री हळू लावलेला तबला टकटक वाटतो. जुन्या स्टिरिओवर 'लाउडनेस' आणि 'बेस' अशी बटणं असायची ती यासाठीच. पॅसिव्ह पेटीत ती सहसा नसतात. वय झालेल्या माणसाला वरचे स्वर कमी ऐकू येतात, त्याला 'ट्रेबल' थोडा वाढवून हवा असतो. शुद्धतेच्या नावाखाली ही सोय काढून घेणं हा घरातल्या वडीलधाऱ्यांवर अन्यायच.

अर्थात ॲक्टिव्ह म्हणून जे मिळतं ते सगळंच चांगलं नसतं. स्वस्त पेटीतला ट्रान्सफॉर्मर घुंईं करतो. अर्थिंग धड नसेल तर त्यात भर पडते. काहींमध्ये संदेश गरज नसताना दहापट वाढवलेला असतो. मग बटण जरा हललं की आवाज अंगावर येतो आणि सारं ऐकणं बटणाच्या पहिल्या एक-दोन घरांतच उरकावं लागतं. साध्या बटणात तिथेच डाव्या-उजव्या आवाजाचा तोल बिघडलेला असतो. सीडी आणि डॅकसाठी ॲक्टिव्ह घ्यायचा झाला तर कमी वाढ देणारा घ्या. संदेश मुळीच न वाढवता फक्त लांब तारेत जोराने ढकलणारे बफर नावाचे प्रकारही मिळतात. नळ आणि पंप यांच्या मधला हा सोयीचा मार्ग.

डोळे झाकून परीक्षा

काकांनी मला एक ॲक्टिव्ह प्रीॲम्प आठ दिवसांसाठी दिला. ''घरी लावून बघा,'' म्हणाले, ''पण एक अट. दोन्हींचा आवाज मोजून सारखा करा. मोठा आवाज माणसाला नेहमी चांगलाच वाटतो. दुकानदार त्यावरच तर जगतात!''

मी साधा मल्टिमीटर घेतला. मोबाइलवरून ४०० हर्ट्‌झचा एकसारखा स्वर लावला आणि दोन्ही पेट्यांच्या वेळी स्पीकरच्या तारांवर तेवढेच एसी व्होल्ट येतील अशी बटणं लावली. मग मुलीने नाणं उडवून ठरवायचं कुठली पेटी जोडायची, आणि मी, बायको आणि अण्णा तिघांनी पाठ करून बसायचं. सीडीही घरातलीच, अनेकदा ऐकलेली.

निकाल? आमची निम्मी उत्तरं बरोबर आली, निम्मी चूक. म्हणजे नाण्याने दिली असती तेवढीच. आमच्या घरात, आमच्या एक मीटर तारेत, दहा हजारांच्या बटणात, सीडीपुरता तरी त्या महाग पेटीचा आणि माझ्या नळाचा फरक आम्हा तिघांना सांगता आला नाही. तुमच्या घरात कदाचित सांगता येईल. पण आधी मोजा, मग ऐका, मग पैसे काढा. हा क्रम उलटा झाला की घरातली बाई जे बोलते ते ऐकून घ्यावं लागतं. माझ्या बायकोने तर मला एक प्रश्न विचारला, ''मग एवढ्या पैशांत कपाट आलं असतं की नाही?''

चार प्रश्न

एवढ्या खटाटोपातून जे कळलं ते चार प्रश्नांत मांडतो. कागदावर उत्तरं लिहा आणि मगच बाजाराची वाट धरा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत लजपतराय मार्केट, बंगळुरात एसपी रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट. तुम्ही कुठल्याही गावात असा, प्रश्न तेच.

पहिला प्रश्न, मी ऐकणार काय? फक्त सीडी, डॅक, टीव्ही असेल तर नळ पुरतो. रेकॉर्ड असेल तर फोनो स्टेज हवीच. जुना कॅसेट डेक किंवा ट्यूनर असेल तर आवाज पुरतो का, ते घरी लावून पाहा.

दुसरा, माझ्या ॲम्प्लिफायरला पूर्ण आवाजासाठी किती व्होल्ट लागतात? दीड व्होल्टपर्यंत लागत असतील तर नळ चालेल. दोनच्या वर असतील तर पंप घ्या.

तिसरा, तार किती लांब? एक-दीड मीटरच्या आत असेल तर १० किंवा २० हजार ओहमच्या बटणाचा पॅसिव्ह बेलाशक घ्या. चार-पाच मीटर किंवा त्याहून लांब असेल तर बफर किंवा ॲक्टिव्ह बरा.

चौथा, घरात ऐकणारं कोण? हळू आवाजात ऐकणारे, वय झालेले, बेस-ट्रेबलची सवय असलेले असतील तर बटणं असलेला ॲक्टिव्ह घ्या आणि कुणी हसलं तर हसू द्या.

आणखी दोन सूचना. डॅकमध्ये स्वतःचंच आवाजाचं बटण असेल तर मधली पेटी वगळून तो थेट पॉवर ॲम्प्लिफायरला जोडता येतो. पण लहान मुलाने मोबाइलवर बोट फिरवून आवाज पूर्ण केला तर स्पीकर जळू शकतो, हे ध्यानात असू द्या. आणि ॲक्टिव्ह प्रीॲम्प असेल तर तो आधी चालू करा, पॉवर ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी. बंद करताना पॉवर ॲम्प्लिफायर सर्वांत आधी. स्पीकर वाचतील.

माळ्यावरचा पंप

अण्णांच्या रेकॉर्डचं काय झालं? काकांनी विचारलं, ''तो धूर काढलेला ॲम्प्लिफायर अजून आहे का?'' होता. मी तो टॅक्सीत घालून नेला. त्यांनी उघडून पाहिलं. जळला होता तो फक्त स्पीकर हलवणारा भाग. फोनो स्टेज ठणठणीत होती. काकांनी जळलेला भाग वीजपुरवठ्यापासून कायमचा तोडला आणि मागची 'टेप आउट' लिहिलेली जागा दाखवली. पूर्वी रेकॉर्डवरून कॅसेट भरायला आपण तिथूनच तार घ्यायचो, आठवतं? त्या जागेवर फोनो स्टेजमधून वाढवलेला, सुधारलेला संदेश आयता मिळतो. तिथून एक तार माझ्या नव्या नळाच्या पेटीत. पंप जुना, नळ नवा.

एक सांगतो, हे काम घरी करू नका. असल्या यंत्रातले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवतात. जाणकाराकडूनच करून घ्या. त्याची मजुरी नव्या फोनो स्टेजच्या किमतीपेक्षा कमी पडली, हे मात्र खरं.

पुढच्या रविवारी पुन्हा पोहे झाले, पुन्हा चहा झाला. अण्णांनी सदऱ्याला हात पुसले आणि रेकॉर्ड ठेवली. सुरुवातीला घुंईं आली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. रेकॉर्ड प्लेअरची हिरवी अर्थची तार जुन्या ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला लावायची राहिली होती. ती लावली आणि घुंईं गेली.

मग तंबोरा आला. खोलीभर, भरल्या गळ्यासारखा. अण्णांनी डोळे मिटले. पहिला आलाप होईपर्यंत कुणी बोललं नाही. मग ते डोळे न उघडताच मला म्हणाले, ''कान शाबूत आहेत रे माझे.''